लिनक्स संगणकाची डागडुजी



जून महिना लागला म्हणजे आनंदवाडीच्या बंदरांत कोणतें दृश्य दिसतें, हें देवगडच्या मुलांस सांगावयास नको. १ जून ते ३१ जुलै या काळांत यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. नौका पाण्याबाहेर ओढून घेतात, झावळ्यांनीं अगर प्लॅस्टिकच्या कापडानें शाकारतात, आणि मग मालक व तांडेल दोघे मिळून तळापासून पाहणी सुरू करतात. कोणती फळी कुजली, कोणता खिळा गंजला, इंजिनाचा कोणता भाग झिजला, हें ते अगोदर पाहून ठेवतात; हातोडा मागाहून उचलतात. पाहणी न करतां जो ठोकाठोक करूं लागतो, त्याला नारळी पौर्णिमेनंतर भर समुद्रांत पाणी उपसत बसावें लागतें.

संगणकाची गोष्ट याहून फारशी निराळी नाहीं. आजच्या पाठाचा विषय आहे लिनक्स संगणकाची डागडुजी, म्हणजे त्यांतील प्रणाली टर्मिनलवरून आज्ञा देऊन अद्ययावत् कशी करावी हा. यांतील आज्ञा थोड्याच आहेत. एका तासांत त्या पाठ होतील. परंतु संगणक 'पुढें जाऊं काय?' असें विचारतो, तेव्हां त्यापूर्वीं त्यानें काय सांगितलें आहे तें वाचून मगच 'होय' म्हणावें, ही संवय लागण्यास एक तास पुरत नाहीं. या पाठाचा खरा हेतु ती संवय लावण्याचा आहे.

दुरुस्ती कशासाठीं?

कोणी विचारील, एकदां नीट चालूं लागलेला संगणक पुनः कशाला हलवावा? त्याचें उत्तर असें कीं, प्रोग्राम हे माणसांनीं लिहिलेले असतात आणि त्यांत चुका राहतात. कांहीं चुका केवळ त्रासदायक असतात. पण कांहीं चुकांमुळें चोराला आंत शिरावयास भगदाड मिळतें. १२ मे २०१७ रोजीं 'वॉनाक्राय' नांवाचा एक दुष्ट प्रोग्राम जगभर पसरला. त्यानें विंडोज प्रणालीच्या असंख्य संगणकांतील कागदपत्रें कुलुपबंद केलीं आणि तीं सोडण्यासाठीं खंडणी मागितली. इंग्लंडांतील कित्येक रुग्णालयांना त्या दिवशीं रोग्यांच्या तपासण्या रद्द कराव्या लागल्या. ज्या भगदाडांतून तो शिरला, तें बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १४ मार्च रोजींच, म्हणजे सुमारें दोन महिने आधीं, प्रसिद्ध केली होती. औषध आलेलें होतें. पुष्कळांनीं तें घेतलें नव्हतें. लिनक्समध्येंही अशीं भगदाडें सांपडतात व बुजविलीं जातात. म्हणून आठवड्यांतून एकदां तरी डागडुजी करणें अवश्य आहे.

पॅकेज म्हणजे काय?

सन १९९१ मध्यें हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें लिनक्सचा कर्नल लिहावयास आरंभ केला. कर्नल म्हणजे यंत्राचा सर्व कारभार पाहणारा गाभा होय. पालकांच्या हातांतील अँड्रॉइड फोनमध्येंही हाच गाभा असतो. परंतु नुसत्या गाभ्यानें काम भागत नाहीं. पत्र लिहावयास एक प्रोग्राम, चित्र पाहावयास दुसरा, छपाईस तिसरा, असा मोठा संसार त्याच्याभोंवतीं मांडावा लागतो. असा मांडलेला संपूर्ण संसार म्हणजे लिनक्सचें 'वितरण'. इयन मरडॉक यानें १६ ऑगस्ट १९९३ रोजीं 'डेबियन' या वितरणाची घोषणा केली. डेब्रा व इयन हीं दोन नांवें जोडून त्यानें तें नांव बनविलें. २००४ सालीं निघालेलें 'उबुंटू' हें डेबियनवरूनच तयार झालें. ज्या सी-डॅक संस्थेचें मुख्य कार्यालय पुण्यास आहे, तिनें २००७ सालीं भारतीय भाषांसाठीं काढलेलें 'बॉस' हें वितरणही डेबियनवर उभें आहे. म्हणून आपण डेबियनची रीत शिकलों म्हणजे तिघांचीही रीत शिकल्यासारखें होतें.

वितरणांतील प्रत्येक प्रोग्राम पॅकेजच्या रूपानें मिळतो. पॅकेज म्हणजे बांधून दिलेलें गांठोडें. त्यांत प्रोग्रामचे भाग असतातच. शिवाय एक चिठ्ठीही असते. तिच्यावर नांव, आवृत्तीचा क्रमांक आणि 'मला आणखी कोणकोणतीं पॅकेजें लागतात' हें लिहिलेलें असतें. या शेवटच्या गोष्टीस अवलंबन असें म्हणतात. समजा, तुम्ही लिबरऑफिसमध्यें 'विद्यार्थी' हा शब्द लिहिला. अक्षरांचीं वळणें 'लोहित' सारख्या एखाद्या फॉन्टाच्या पॅकेजांतून येतात. 'द्या' हें जोडाक्षर कसें जुळवावें आणि रफार कोणत्या अक्षरावर द्यावा, हें 'हार्फबझ' नांवाचें दुसरें पॅकेज ठरवितें. हेंच हार्फबझ फायरफॉक्सलाही मराठी अक्षरें जुळवून देतें. म्हणजे त्याच्यांत कोणी वेडावांकडा बदल केला, तर पत्रही बिघडावयाचें आणि बातमीही.

पूर्वीं हे सर्व भाग हातानें आणून, हातानें जुळवून बसवावे लागत. एक बदलावा तर दुसरा रुसून बसे. हा त्रास चुकविण्यासाठीं डेबियनमध्यें दोन सेवक निर्माण झाले. एकाचें नांव डीपीकेजी आणि दुसऱ्याचें एपीटी. डीपीकेजी हा सुतार समजावा. दिलेलें गांठोडें तो उघडतो व प्रत्येक फळी जेथल्या तेथें बसवितो. पण हातीं जें दिलें त्यापलीकडे तो पाहत नाहीं. एपीटी हा तांडेल. कोणती फळी बदलली तर आणखी कोणते खिळे लागतील, याचा हिशेब तो करतो, सर्व सामान मागवितो आणि सुताराला क्रमानें हातीं देतो. मार्च १९९९ मधील डेबियनच्या २.१ या आवृत्तीबरोबर एपीटी प्रथम लोकांच्या हातीं आला.

सामान कोठून येतें?

एपीटी सामान मागवितो तें ठराविक कोठारांतून. त्या कोठारांचे पत्ते संगणकांतील एका फाइलींत लिहिलेले असतात. आतां वाटेंत कोणी गांठोडें बदललें तर? याचें उत्तर देवगडच्या मुलांना आंब्यावरून चटकन् समजेल. दुसरीकडचा आंबा देवगड हापूस म्हणून विकला जातो, ही आपल्या बागाइतदारांची जुनी तक्रार. त्यावर उपाय म्हणून देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेनें २०२५ च्या हंगामापासून फळावर निराळ्या सांकेतिक क्रमांकाचें स्टिकर लावण्याचा क्रम सुरू केला. गिऱ्हाइकानें तो क्रमांक पडताळून पाहावा, म्हणजे फळ कोणाच्या बागेचें हें कळतें. डेबियनचें कोठारही आपल्या यादीवर असाच एक अंकीय शिक्का मारतें. त्या यादींत प्रत्येक पॅकेजची खूणगांठ, म्हणजे त्याच्या एकूणएक अक्षरांवरून गणितानें काढलेला एक लांबलचक क्रमांक, दिलेली असते. गांठोड्यांत एका अक्षराचा जरी फरक झाला, तरी क्रमांक जुळत नाहीं व एपीटी तें बसविण्याचें नाकारतो. म्हणूनच कोणा अनोळखी माणसानें सांगितलें एवढ्यावरून नव्या कोठाराचा पत्ता आपल्या फाइलींत लिहूं नये. तसें करणें म्हणजे बनावट स्टिकर आपण होऊन घरांत आणणें होय.

मात्र शिक्का खरा असला म्हणजे फळाच्या आंत कीड नसेलच, असें नाहीं. 'एक्सझेड' हें फाइली दाबून लहान करणारें एक साधें पॅकेज आहे. २०२४ च्या आरंभीं त्याच्या ५.६.० व ५.६.१ या दोन आवृत्त्यांत एका विश्वासू म्हणविणाऱ्या सहकाऱ्यानेंच चोरदरवाजा घालून ठेवला. आंद्रेस फ्रॉइंड नांवाच्या अभियंत्यास आपल्या संगणकावर दुरून प्रवेश करतांना सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो असें जाणवलें. पुष्कळांनीं तिकडे कानाडोळा केला असता. त्यानें मुळापर्यंत शोध घेतला आणि २९ मार्च २०२४ रोजीं ती लबाडी उघडकीस आणली. डेबियनच्या चांचणीच्या कोठारांत तीं पॅकेजें पोंचलीं होतीं. सर्वसामान्य लोक वापरतात त्या स्थिर आवृत्तींत मात्र तीं आलीं नव्हतीं. स्थिर आवृत्ति सावकाश चालते, ती अशीं पुष्कळ चाळणींतून गाळून येते म्हणून. शाळेच्या संगणकावर तीच असावी.

पूर्वतयारी

आरंभापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, आपल्या वह्या, चित्रें, याद्या यांची एक प्रत पेनड्राइव्हवर अगर दुसऱ्या संगणकावर घेऊन ठेवावी. दुसरी, डिस्कवर जागा आहे कीं नाहीं तें 'डीएफ -एच' या आज्ञेनें पाहावें. तिसरी गोष्ट कोंकणांत विशेष महत्त्वाची: विजेचा भरंवसा. लॅपटॉपची बॅटरी भरलेली असावी. मेजावरचा संगणक असल्यास यूपीएस चालूं असल्याची खात्री करावी.

येथें आज्ञा देवनागरींत छापल्या आहेत; संगणकावर त्या लहान रोमन अक्षरांत लिहावयाच्या. एपीटी म्हणजे ए, पी, टी हीं तीन अक्षरें. डीपीकेजी म्हणजे डी, पी, के, जी हीं चार. सुडो म्हणजे एस, यू, डी, ओ हीं चार. दोन शब्दांमध्यें एक जागा सोडावी. आडव्या रेघा पुढील शब्दास जोडून लिहाव्या. सुडो या शब्दानें आपण थोडा वेळ व्यवस्थापकाचा अधिकार मागून घेतों. संगणक पासवर्ड विचारील. तो लिहीत असतां पडद्यावर कांहींच दिसत नाहीं, त्यानें गोंधळून जाऊं नये.

डागडुजीचे टप्पे

पहिली आज्ञा अशी:

सुडो एपीटी अपडेट

या आज्ञेच्या नांवावरून पुष्कळांची फसगत होते. हिनें एकही प्रोग्राम बदलत नाहीं. एपीटी फक्त कोठारांकडे जातो आणि तेथील नवी यादी घेऊन येतो. ज्या ओळीच्या आरंभीं 'हिट' असें येतें, ती यादी पूर्वींचीच आहे असें समजावें. 'गेट' असेल तेथें नवी यादी आली. 'एरर' असेल तर ती मिळाली नाहीं. 'एरर' दिसल्यास पुढें न जातां नेटवर्क तपासावें. शेवटच्या ओळींत किती पॅकेजें बदलण्याजोगीं आहेत, तो आंकडा येतो.

दुसरी आज्ञा पाहणीची:

एपीटी लिस्ट --अपग्रेडेबल

हिला सुडो लागत नाहीं, कारण ही नुसती वाचते. प्रत्येक ओळींत पॅकेजचें नांव, नवी आवृत्ति आणि जुनी आवृत्ति दिसते. प्रथम ही यादी परकी वाटेल. चारदोन आठवड्यांनीं त्यांतील नांवें ओळखीचीं होतात. कर्नलचें नांव दिसलें कीं आज संगणक पुनः सुरू करावा लागणार, हें आपलें आपणांस कळूं लागतें.

तिसरी आज्ञा मुख्य कामाची:

सुडो एपीटी अपग्रेड

येथें एपीटी एकदम काम सुरू करीत नाहीं. तो आधीं सर्व बेत मांडून दाखवितो: इतकीं पॅकेजें बदलणार, इतकीं नवीं येणार, इतकीं जाणार, इतकीं मागें ठेवणार, इतकें सामान उतरवून घ्यावें लागेल, आणि डिस्कवर इतकी जागा अधिक व्यापेल. मग विचारतो, 'पुढें जाऊं काय?' त्यापुढें चौकटी कंसांत होकाराचें अक्षर मोठें व नकाराचें लहान छापलेलें असतें. याचा अर्थ असा कीं, कांहीं न लिहितां नुसतें एंटर दाबलें तरी तो होकारच समजला जातो. बोट आधीं एंटरवर नेऊन ठेवण्याची आपली खोड येथें घातक ठरते. हात मांडीवर ठेवावे, बेत वरून खालपर्यंत वाचावा, आणि मग उत्तर द्यावें.

'मागें ठेवलेलीं' पॅकेजें पाहून घाबरण्याचें कारण नाहीं. 'अपग्रेड' ही आज्ञा बसविलेलें कोणतेंही पॅकेज काढून टाकीत नाहीं. ज्या बदलासाठीं एखादें जुनें पॅकेज काढावें लागेल, तो बदल ती तसाच राहूं देते. तोही करावयाचा असल्यास 'सुडो एपीटी फुल-अपग्रेड' अशी निराळी आज्ञा आहे. ती देतांना काढावयाच्या पॅकेजांची यादी दोनदां वाचावी. एपीटीच्या २०२५ मधील ३.० या आवृत्तीपासून ही यादी तांबड्या रंगांत दिसते. लिबरऑफिससारखें रोजच्या कामाचें नांव तिच्यांत दिसलें तर सरळ नकार द्यावा आणि जाणत्या माणसास विचारावें.

काम चालूं असतां कधीं कधीं आणखी एक प्रश्न येतो. एखाद्या प्रोग्रामच्या मांडणीची फाइल तुम्हीं पूर्वीं आपल्या हातानें बदलली असेल आणि नव्या पॅकेजांतही ती बदललेली असेल, तर कोणती ठेवूं, असें डीपीकेजी विचारतो. येथें मात्र नुसतें एंटर दाबल्यास जुनी फाइल कायम राहते. तरीही प्रथम डी हें अक्षर दाबावें, म्हणजे दोहोंतील फरक समोर येतो. तो पाहून निर्णय करावा.

सर्व आटोपल्यावर 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह' या आज्ञेनें निरुपयोगी झालेलीं पॅकेजें काढतां येतात. हिचीही यादी वाचावी. कर्नल बदलला असल्यास संगणक पुनः सुरू करावा. तोंपर्यंत जुनाच कर्नल चालत राहतो. 'यूनेम -आर' ही आज्ञा चालूं कर्नलचा क्रमांक सांगते.

आपल्याकडे नेटवर्क मंद असतें, त्यासाठीं दोन युक्त्या लक्षांत ठेवाव्या. मुख्य आज्ञेपुढें '--डाउनलोड-ओन्ली' हे शब्द जोडले, तर एपीटी सामान फक्त आणून ठेवतो. तें रात्रीं आणावें व काम दुसऱ्या दिवशीं करावें. शाळेंत दहा संगणक असतील तर एकावर 'एपीटी-कॅशर-एनजी' हें पॅकेज बसवावें आणि बाकीच्या नऊ संगणकांना त्याचा पत्ता द्यावा. मग प्रत्येक गांठोडें बाहेरून एकदांच येतें व उरलेले नऊ तें घरांतूनच घेतात.

एका चुकीची हकीकत

पालकांपैकीं कोणी म्हणतील, पडद्यावर चित्रमय बटण असतांना मुलांना या काळ्या पडद्यावरच्या आज्ञा कशाला शिकवितां? त्यांच्यासाठीं माझ्याच हातून घडलेली एक चूक सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं मी दुसऱ्या एका शाळेंत शिकवीत होतों. तेथील ग्रंथालयाच्या संगणकांत मुलांनीं वर्षभर खपून केलेली पुस्तकांची यादी होती. जुलैची दुपार होती आणि बाहेर पावसाची झड लागली होती. यादीची प्रत घेतलेली नाहीं, यूपीएसची बॅटरी केव्हांच निकामी झाली आहे, हें मला ठाऊक होतें. तरी 'पांच मिनिटांचें काम' म्हणून मीं अपग्रेडची आज्ञा दिली आणि न वाचतां एंटर दाबलें. काम अर्ध्यावर आलें असेल नसेल, तोंच वीज गेली.

सायंकाळीं वीज आली. संगणक सुरू केला, तों चित्रमय पडदा येईना. काळ्या पडद्यावर पांढरीं अक्षरें तेवढीं आलीं. बटण कोठें दाबणार? मीं घाईघाईनें पुनः अपग्रेडची आज्ञा दिली, तों दोन ओळींचा नकार आला. सर्व पुसून नवी प्रणाली बसवावी असें माझ्या मनानें घेतलें, आणि त्यासाठीं पेनड्राइव्ह हातांत घेतला. तो लावला असता तर मुलांची यादीही पुसली गेली असती. तेवढ्यांत शेजारीं उभी असलेली नववींतील एक मुलगी म्हणाली, "सर, त्यानें कांहीं तरी लिहिलें आहे. तें आधीं वाचूं या ना."

तिनें तें मोठ्यानें वाचलें. डीपीकेजीचें काम मध्येंच तुटलें आहे, तें नीट करण्यासाठीं अमुक आज्ञा स्वतः द्या, असें त्यांत लिहिलें होतें. आज्ञाही तेथेंच दिली होती:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए

आम्हीं ती दिली. एकेक अर्धवट राहिलेलें पॅकेज मार्गीं लागूं लागलें. त्यानंतर 'सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल' ही आज्ञा देऊन तुटलेलीं अवलंबनें जुळवून घेतलीं आणि अपग्रेड पुरा केला. संगणक पुनः सुरू झाला. यादी जशीच्या तशी होती. त्या रात्रीं मीं घरीं जाण्यापूर्वीं तिची प्रत घेतली.

हें कसें साधलें, तेंही समजून घ्यावें. डीपीकेजी प्रत्येक पॅकेजच्या स्थितीची नोंद ठेवतो: हें नुसतें उघडलें आहे, हें अर्धवट बसलें आहे, हें पुरें बसलें आहे. वीज गेली तरी ती नोंद डिस्कवर राहते. सुतार मध्येंच उठून गेला तरी कोणती फळी ठोकली व कोणती राहिली, हें त्याच्या वहींत असतें. ती वही वाचण्याची तयारी माझ्यांत नव्हती. त्या मुलींत होती. नोंद राखली जाते म्हणून यंत्र मुद्दाम मध्येंच बंद करूं नये, हें निराळें सांगावयास नको. दर वेळीं दैव इतकें अनुकूल असेलच असें नाहीं.

मोठी दुरुस्ती

वर सांगितली ती पुळणीवरची डागडुजी. आतां गोदींतील कामाविषयीं थोडें सांगतों. आपल्याच तालुक्यांत विजयदुर्गाजवळ गिर्ये येथें वाघोटणच्या खाडीकांठीं मराठा आरमाराची कातळांत खोदलेली गोदी आहे. किरकोळ फळी किनाऱ्यावर बदलतां येई. पण मोठ्या गलबताच्या तळाचें काम काढावयाचें तर तें गोदींतच न्यावें लागे. डेबियनची एक संपूर्ण आवृत्ति सोडून पुढल्या आवृत्तीवर जाणें हें असेंच गोदींतलें काम आहे. 'टॉय स्टोरी' या चित्रपटांतील पात्रांचीं नांवें या आवृत्त्यांस देतात. बारावी 'बुकवर्म' १० जून २०२३ रोजीं निघाली. तेरावी 'ट्रिक्सी' ९ ऑगस्ट २०२५ रोजीं.

याचे नियम थोडे परंतु कडक आहेत. नव्या आवृत्तीबरोबर प्रसिद्ध झालेलें टिपण आरंभीं वाचावें. चालूं आवृत्ति आधीं पुरती अद्ययावत् करून घ्यावी. मधली आवृत्ति वगळून उडी मारूं नये; अकरावीवरून तेरावीवर जावयाचें तर वाटेंत बारावीवर थांबावेंच लागतें. बाहेरचीं कोठारें तात्पुरतीं बंद करावीं. मग कोठारांच्या फाइलींत जुन्या आवृत्तीचें नांव असेल तेथें नव्या आवृत्तीचें लिहावें, आणि अपडेटची आज्ञा द्यावी. पुढें प्रथम 'एपीटी अपग्रेड --विदाउट-न्यू-पीकेजीएस' आणि नंतर 'एपीटी फुल-अपग्रेड', असें दोन पावलांनीं जावें. उबुंटूमध्यें या कामासाठीं 'डू-रिलीज-अपग्रेड' ही स्वतंत्र आज्ञा आहे.

जुने संगणक वापरणाऱ्या शाळांनीं येथें विशेष सावध राहावें. डेबियनच्या तेराव्या आवृत्तीपासून ३२ बिटांच्या जुन्या पीसींसाठीं कर्नल आणि प्रणाली बसविण्याचें साधन देणें बंद झालें आहे, आणि अशा प्रणालीवरून ट्रिक्सीवर जाऊं नये असें त्या टिपणांत स्पष्ट सांगितलें आहे. आपली प्रणाली कोणती, हें 'डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर' या आज्ञेनें कळतें. उत्तर 'एएमडी-६४' आलें तर चिंता नाहीं. 'आय-३८६' आलें तर थांबावें, आणि 'एलएससीपीयू' या आज्ञेनें यंत्र स्वतः ६४ बिटांचें आहे काय तें पाहावें. असल्यास, प्रती घेऊन ६४ बिटांची प्रणाली नव्यानें बसवितां येते. नसल्यास त्या यंत्राच्या उरलेल्या आयुष्याचा विचार शिक्षक व पालक यांनीं एकत्र बसून करावा.

यांत एक गणिताचीही मौज आहे. ३२ बिटांच्या जुन्या रीतींत वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतात, आणि त्या मापांत २,१४,७४,८३,६४७ याहून मोठी संख्या मावत नाहीं. तो सेकंद १९ जानेवारी २०३८ रोजीं, आपल्या घड्याळांत सकाळीं ८ वाजून ४४ मिनिटें ७ सेकंद होतील तेव्हां, येणार आहे. त्यापुढें असें यंत्र काळ चुकीचा सांगूं लागेल. डेबियनच्या तेराव्या आवृत्तींत उरलेल्या ३२ बिटांच्या यंत्रांचें मापही मोठें करण्यांत आलें. आय-३८६ मात्र, जुन्या प्रोग्रामांशीं मेळ राहावा म्हणून, तसेंच ठेवलें. आज पांचवींत असलेलीं मुलें त्या वर्षीं कामाधंद्याला लागलेलीं असतील. त्यांपैकीं कोणाच्या तरी हातीं अशा एखाद्या जुन्या यंत्राची जबाबदारी असेल.

नोंदवही

शेवटीं एक सूचना. संगणकखोलींत एक साधी वही ठेवावी. डागडुजी केली तो दिवस, कोणीं केली, किती पॅकेजें बदललीं, काय विचारलें गेलें आणि काय उत्तर दिलें, हें तींत लिहावें. संगणकही आपली नोंद 'हिस्टरी.लॉग' नांवाच्या फाइलींत ठेवीत असतो. पण होकार देणाऱ्यानें काय विचार केला, हें त्या फाइलींत नसतें. तें वहींतच सांपडेल.

अभ्यासार्थ प्रश्न

१. 'अपडेट' आणि 'अपग्रेड' या दोन आज्ञांतील फरक दोन वाक्यांत सांगा.

२. 'पुढें जाऊं काय?' या प्रश्नाला नुसतें एंटर दाबल्यास काय होतें? मांडणीच्या फाइलीविषयींच्या प्रश्नाला दाबल्यास काय होतें?

३. पॅकेजवरील शिक्का खरा असूनही एक्सझेडच्या बाबतींत धोका कां उत्पन्न झाला?

४. घरच्या किंवा शाळेच्या एका लिनक्स संगणकावर शिक्षकांच्या देखरेखीखालीं 'एपीटी लिस्ट --अपग्रेडेबल' ही आज्ञा द्या, यादींतील कोणत्याही तीन पॅकेजांचें काम काय तें शोधून वहींत लिहा.

५. आपल्या घरांतील फोनवर आलेली अपडेटची सूचना आईवडिलांना मोठ्यानें वाचून दाखवा, आणि ती स्वीकारण्यापूर्वीं तिच्यांत काय लिहिलें आहे याविषयीं त्यांच्याशीं बोला.